निकितासाठी आलेली दोन स्थळं

फ्लेक्स सकाळीच लागला होता. निवड अजून व्हायची होती.

लाखनीच्या बसस्टँडसमोर मी स्कूटी थांबवली आणि नीट वाचलं. एकोडीची सुकन्या कुमारी निकिता हिची अमेरिकेतील जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मध्यभागी भाऊ, हात जोडून, कमरेपर्यंत. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कोणाच्याही यशाच्या जवळपास असणं हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय. निकिताचा फोटो खालच्या कोपऱ्यात होता, बहुधा आधार कार्डावरचा. मागे घुमटाची एक इमारत होती. ती त्या विद्यापीठाची नव्हती, पण भव्य होती, आणि फ्लेक्सवाल्याला तेवढंच लागतं.

मी लाखनीच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका आहे. सगळे मला पीटीच्या म्याडम म्हणतात. पंचवीस जानेवारीला कवायत बसवणं आणि बाकी वर्षभर मैदानावरची लग्नं थांबवणं, हे माझं मुख्य काम. उरलेल्या वेळात मी धावपटू तयार करते. गोंदिया वेगळा झाल्यापासून आमचा जिल्हा निम्मा राहिला आहे, त्यामुळे जिल्हास्तरावर पहिलं येणं सोपं झालं, असं आमचे प्राचार्य म्हणतात. ते स्वतः कधी धावलेले नाहीत.

निकिता मात्र जिल्ह्याच्या पुढे गेली. तिचा खेळ स्टीपलचेस. तीन हजार मीटर पळायचं आणि वाटेत अडथळे ओलांडायचे. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल पडतं. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही, तुम्ही पडता. शिवाय प्रत्येक फेरीत एका अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. आमच्याकडे तो खड्डा नव्हता. आम्ही पावसाळ्यात धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे भातखाचराचा बांध, ओलांडून पाण्यात उड्या मारायचा सराव केला. बांधीचे मालक ओरडायचे, तेव्हा तिचा वेग आपोआप वाढायचा.

राष्ट्रीय स्पर्धेत तिला पदक मिळालं आणि तिच्या शर्यतीचा व्हिडिओ अमेरिकेत पोचला. तिथल्या कॉलेजांना खेळाडू लागतात. ते जगभर शोधतात आणि आवडला तर स्कॉलरशिप देतात. फी, राहणं, जेवण त्यात. बदल्यात कॉलेजसाठी खेळायचं. निकिताला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मोठं विद्यापीठ, ज्याचं नाव टीशर्टवर छापून आपल्याकडेही विकतात. दुसरं लहान, मक्याच्या शेतांमधलं, ज्याचं नाव तिथल्या लोकांनाही दोनदा सांगावं लागत असेल.

अडचण एकच होती. निकिताच्या उजव्या नडगीला उन्हाळ्यात स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं. पडून हाड मोडतं तसं हे नाही. रोजच्या धावण्याने हाडाला केसासारखी चीर जाते. विश्रांती दिली तर भरते. घाई केली तर चीर वाढते आणि मग खेळ संपतो. चीर भरत आली होती, पण पुरती भरली नव्हती, आणि भरल्यावरही घाईने शर्यती पळवल्या तर ती पुन्हा जाते. त्यामुळे विद्यापीठ कोणतं हा प्रश्न खरं म्हणजे नडगीचा होता. ही गोष्ट निकिताला आणि मला कळत होती. बाकी सगळ्यांना विद्यापीठ कळत होतं.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मोठंच घ्यायला सांगा. मूल्यांकन समिती येते आहे."

"सर, लहान कॉलेजची कोच जास्त विचारपूस करते आहे."

"काय नाव म्हणालात त्या कॉलेजचं?"

मी सांगितलं. त्यांनी म्हणून पाहिलं, अर्ध्यात सोडलं.

"मॅडम, जे मला म्हणता येत नाही ते मी समितीला कसं सांगू?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी बाहेर आले.

आता मंडईचं सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. बाजार, पाहुणे, संध्याकाळनंतर दंडार म्हणजे आमचं लोकनाट्य. लेकी माहेरी येतात, नातेवाईक जमतात, आणि खरं काम असतं ते सोयरिकीचं. निम्म्या पंचक्रोशीची लग्नं मंडईत ठरतात. अमेरिकन कॉलेजांचे करारही नेमके त्याच सुमारास होतात. एकोडीच्या मंडईत दंडारीच्या आधी निकिताचा सत्कार करायचा आणि तिथेच विद्यापीठाचं नाव जाहीर करायचं, असं भाऊंनी ठरवलं. जाहीर करायला उशीर नको म्हणून फ्लेक्स आदल्या दिवशीच लावला. तिला विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी सकाळी दोन्ही कोचेसचे व्हिडिओ कॉल होते. आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ. फ्लेक्स वाचून मी तशीच एकोडीला गेले. निकिताचे वडील देवानंद एसटीत कंडक्टर. त्यांनी अंगणात पाणी शिंपडून घेतलं होतं आणि ड्यूटीचा नाही, लग्नाचा शर्ट घातला होता. लॅपटॉप माझा होता. तो टेबलावर ठेवला. निकिताच्या आईने त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, शेजारी चहा.

"ते खातील कसे?" मी विचारलं.

"दिसतीन तं सही," ती म्हणाली.

घरात आणखी एक महत्त्वाची व्यक्ती होती. निकिताची आत्या, कमलबाई, मंडईसाठी कोंढ्याहून आलेली. खानदानातल्या सोयरिकी तीच जुळवते. तिने जुळवलेली एकही मोडली नाही, असं ती सांगते. ज्या मोडल्या त्या तिने जुळवल्या नव्हत्या, असंही तीच सांगते. विद्यापीठ म्हणजे काय हे तिला समजावायचा देवानंदांनी प्रयत्न केला होता. तिने ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला, की पोरगी दूर द्यायची आहे आणि दोन स्थळं आली आहेत. मी ते दुरुस्त करायला गेले नाही. नंतर वाटलं, बरंच झालं.

पहिला कॉल मोठ्या विद्यापीठाचा. मुख्य कोच नव्हता, असिस्टंट होता. दात पांढरेशुभ्र. त्याने स्टेडियम दाखवलं, जिम दाखवली, बुटांची खोली दाखवली, आणि स्टीपलचेसची एक जागा रिकामी आहे, असं सांगितलं. देवानंद बूट बघून गार झाले. आमच्याकडे एक जोडी दोन मुली आळीपाळीने घालतात. नडगीबद्दल मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमची मेडिकल टीम जागतिक दर्जाची आहे, निकिता येत्या सप्टेंबरपासून शर्यतीत उतरेल. स्कॉलरशिप दर वर्षी नव्याने मिळेल. म्हणजे कोचची मर्जी राहिली तर. हे शेवटचं वाक्य त्याचं नाही, माझं.

मग कमलबाई पुढे सरकल्या. त्यांनी मला हुकूम सोडला, की पाहुण्याले विचारा, पहिली कुठं गेली.

"पहिली कोण?" मी विचारलं.

"जागा रिकामी आहे म्हणते न हा? मंग पहिली होती ते कुठं गेली? मेली का पळाली? दुसरेपणाचं स्थळ अशीन तं आधी हेच विचारा लागते."

मी इंग्रजीत जरा सभ्यपणे विचारलं, की स्टीपलचेसची ही जागा रिकामी कशी झाली. असिस्टंटचे दात पहिल्यांदा झाकले गेले. तो म्हणाला, ती खेळाडू आता आमच्या कार्यक्रमाचा भाग नाही, आम्ही तिला शुभेच्छा देतो. मी भाषांतर केलं. कमलबाई म्हणाल्या, म्हणजे टाकली.

तो कॉल संपला. निकिताने मोबाइल काढला. त्या टीमचे जुने फोटो शोधले, त्यातली मुलगी ओळखली, इन्स्टाग्रामवर तिला मेसेज टाकला. ती मुलगी केनियाची होती. दुसऱ्या कॉलवर जाण्याआधीच तिचं उत्तर आलं. लांबलचक. तिला प्रत्येक आठवड्याला दोन-दोन शर्यती पळवल्या, कारण परदेशी खेळाडू पॉइंट मिळवायला आणलेले असतात. दुसऱ्या वर्षी नडगीला चीर गेली. तरी पळवलं. मग हाड मोडलं आणि स्कॉलरशिप पुढच्या वर्षी मिळाली नाही. आता ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या कॉलेजात, स्वतःच्या खर्चाने शिकते. शेवटी तिने लिहिलं होतं, बूट मात्र खरंच चांगले आहेत.

मोठं विद्यापीठ वाईट होतं असं मी म्हणत नाही. तिथे अनेकांचं भलं होत असेल. पण ते ज्यांचं झालं त्यांचे फोटो भिंतीवर लावतात. ज्यांचं झालं नाही त्यांना शुभेच्छा देतात.

दुसरा कॉल लहान कॉलेजचा. कोच एक वयस्क बाई, कानटोपी घालून मैदानावरच दिव्याखाली उभी. मागे वारा इतका, की अर्धं ऐकू येत नव्हतं. तिने आधी नडगीचा एमआरआय मागितला. मग म्हणाली, पहिलं वर्ष हिला रेडशर्ट ठेवायचं.

रेडशर्ट म्हणजे असं. पहिल्या वर्षी शिकायचं, टीमबरोबर हळूहळू सराव करायचा, स्कॉलरशिप पूर्ण घ्यायची, पण कॉलेजतर्फे स्पर्धेत उतरायचं नाही. तिथे एका खेळाडूला कॉलेजकडून चारच मोसम खेळता येतात. रेडशर्टचं वर्ष त्यात धरत नाहीत. म्हणजे हाडालाही वेळ मिळतो आणि मोसमही वाया जात नाही.

कमलबाईंनी इथेही पहिलीचं विचारलं. कोचबाईंनी फोन फिरवला. कठड्यावर एक मुलगी बसली होती, पायात गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा, मोडलेल्या हाडाला आधार देणारा बूट, हातात सँडविच. तीच त्यांची स्टीपलचेसवाली. वर्षभर पळलेली नव्हती. नर्सिंग शिकत होती, स्कॉलरशिप चालू होती. पदवी होईपर्यंत आम्ही कोणाला काढत नाही, लिहून देते, असं कोचबाई म्हणाल्या. मुलीने आम्हाला सँडविच दाखवून हात हलवला. निकिताच्या आईने पोह्यांची बशी दाखवली.

कॉल संपला आणि देवानंद खाली मान घालून बसले. मला वाटलं आनंद झाला असेल.

"म्याडम, ते बाई वर्षभर पळवणार नाही म्हणते," ते म्हणाले. "लोकं काय म्हणतीन? अमेरिकेत नेलं अन् कंडक्टरच्या पोरीले बसवून ठेवलं."

मी रेडशर्ट पुन्हा समजावला. त्यांना तो पहिल्याच वेळी समजला होता. प्रश्न समजण्याचा नव्हता. त्यांच्या बसमध्ये रोज सगळं गाव बसतं आणि रोज विचारतं. तिकीट फाडता फाडता हा माणूस वर्षभर काय उत्तर देणार होता? मला त्यांचं वाईट वाटलं.

निकिताने लॅपटॉप बंद केला.

"मले एक वर्ष नाही पळाचं, बाबा," ती म्हणाली. "मले पुढची चार वर्षं पळाचं आहे."

विषय तिथे संपला. निदान घरात.

दुसऱ्या दिवशी मंडईत मी भाऊंना स्टेजमागे गाठलं. विद्यापीठ वेगळं आहे, एवढंच सांगायचं होतं.

"भाऊ, निवड दुसरीकडे झाली आहे."

"फ्लेक्स तं लागला न, म्याडम."

"तो उतरवता येईल."

"उतरवला तं चर्चा होते. आता जाऊ द्या तिले मोठ्यात. नाही जमलं तं मंग बदलून घेऊ."

चप्पल बदलून आणावी तसं ते म्हणाले. मग स्टेजवर चढले आणि माइकवर मोठ्या विद्यापीठाचं नाव चार वेळा घेतलं, दर वेळी वेगळ्या उच्चाराने. शाल, श्रीफळ, टाळ्या. दंडारीतली मंडळी तोंडाला रंग लावून विंगेत खोळंबली होती. भाऊंनी निकिताच्या हातात माइक दिला, दोन शब्दांसाठी.

"भाऊंनी माह्यासाठी फ्लेक्स लावला, त्यांचे आभार," निकिता म्हणाली. "पण मी त्या विद्यापीठात नाही जाऊन राहिली. दुसऱ्या लहान कॉलेजात जाऊन राहिली. तिथं एक वर्ष मी शर्यत पळणार नाही, माह्या पायाले आराम पाह्यजे. हे मीनं ठरवलं आहे. कोणाले काही विचाराचं अशीन तं आता मले विचारा. बसमध्ये माह्या बाबाले विचारू नका."

देवानंद पहिल्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावायचं विसरले. पोरीला शर्यत पळायला मी शिकवलं, हे बोलायला कोणी शिकवलं मला माहीत नाही.

भाऊंची मात्र दाद द्यायला हवी. त्यांनी एक श्वास घेतला, माइक परत घेतला आणि गरजले, की एवढं जगप्रसिद्ध विद्यापीठ पायाशी आलं असताना ते नाकारणारी ही लेक, हाच आपल्या मातीचा स्वाभिमान आहे. आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. आठवड्याभरात नवा फ्लेक्स लागला. भाऊ तसेच, कमरेपर्यंत. इमारतही तीच, घुमटाची.

प्राचार्यांनी समितीला 'अमेरिकेतील एक नामांकित संस्था' असं सांगितलं. समितीने नाव विचारलं नाही.

निकिता गेली. पहिलं वर्ष ती शिकली, पोहली, सायकल चालवली, बर्फात पडली आणि एकही शर्यत पळली नाही. गावाने देवानंदांना विचारायचं ते विचारलंच, माणसं ऐकत नसतात. ते म्हणायचे, पोरीनं माइकवर सांगतलं तवा कुठं होते? पुढे या, सुट्टे काढा.

दुसऱ्या वर्षी तिथल्या वसंतात तिची पहिली मोठी शर्यत झाली. सकाळी मी मैदानावर होते, पोरांना वॉर्मअप देत होते, आणि तिचा फोन आला.

"म्याडम, चौथी आली."

मी वेळ विचारणार होते. ती रडत होती, म्हणून थांबले.

"शेवटच्या पाण्याच्या उडीले पूर्ण जोर टाकला उजव्या पायावर," ती म्हणाली. "काहीच नाही दुखलं."

मग मीही रडले, तिथेच, ट्रॅकच्या मधोमध. पोरांना वाटलं माझ्या घरी कोणी गेलं. ती गुपचूप वॉर्मअप बंद करून घरी निघून गेली. अशा बाबतीत आमची पोरं फार समंजस आहेत.

आता दर वर्षी एखादे पालक येतात आणि विचारतात, म्याडम, बाहेरचं चांगलं विद्यापीठ कोणतं. मी नाव सांगत नाही. म्हणते, तिथे ज्या पोरीचा पाय मोडला ती आज कुठे आहे, तेवढं शोधून या, मग बोलू. बहुतेक जण परत येत नाहीत. त्यांना नावच पाहिजे असतं.