आयिल सोडू नको

अप्पांची मोटारसायकल कापायला घेतली तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हेही मी फोनवरचे व्हिडिओ पाहून शिकलो. वय सेहेचाळीस, बँकेतली नोकरी, आयुष्यभर हाताला फक्त शाई लागलेली. पण त्या वर्षी बढती मिळून माझी होसूरला बदली व्हायची होती, आणि ही गाडी नव्याने बांधून तिच्यावरूनच होसूरला जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकट्याची गाडी. एक सीट, मागे काही नाही.

मागे काही नाही, यात आयी आली. आम्ही आईला आयी म्हणतो, तिच्या आईलाही ती आयीच म्हणायची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, एका डोळ्याने जेमतेम दिसतं. तिची सोय मी तिरुच्चीच्या एका वृद्धाश्रमात लावून ठेवली होती. जागा स्वतः पाहून आलो होतो. स्वच्छ होती, खिडकीतून कडुनिंब दिसत होता. आयीला सांगितलं तेव्हा ती चिंच कोळत होती. 'बरं' म्हणाली आणि कोळत राहिली. मी त्या 'बरं'चा अर्थ बरं असाच घेतला, कारण तो घेणं सोयीचं होतं.

आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गाडी तेव्हापासून परसात ताडपत्रीखाली उभी होती. एक सिलिंडर, अंगाने जड, आवाजाने त्याहून जड. अप्पा आणि मी एरवी एकमेकांशी फारसं बोलत नसू. दोघेही तापट, चौथ्या वाक्याला भांडण ठरलेलं. गाडीपाशी मात्र जमायचं. ते पाना फिरवत आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभा राही, आणि मग ते दोन शब्द बोलत. गाडीला एण्णै घालायला हवं, म्हणत. एण्णै म्हणजे तमिळमध्ये तेल. डोक्याला लावायचं तेही एण्णै, दोशाच्या तव्यावरचं तेही एण्णै आणि इंजिनातलं तेही एण्णैच. कीळवासल पेठेतला मेकॅनिक त्यांची थट्टा करायचा, की सार, खोबऱ्याचं घालू की तिळाचं? अप्पा हसत, पण शब्द बदलत नसत.

पहिल्या दिवशी मी गाडीच्या बाजूचा डबा उघडला. त्यात दोन पाने, प्लग, आणि चिंधीत गुंडाळलेली एक वही. तंजावूरच्या आमच्या घरांतून मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. देवनागरी वाचणारे थोडे. मी स्वतः ती अक्षरं चाळिशी उलटल्यावर एका निवृत्त मास्तरांकडे जाऊन शिकलो. तमिळ अक्षरांत मराठी लिहिण्याची गंमत अशी, की तिथे क आणि ग यांना एकच अक्षर. कुंभकोणमच्या काकीने एकदा पत्रात लिहिलं, गाडी मोडली. अप्पांनी ते 'काडी मोडली', म्हणजे काडीमोड झाली, असं वाचलं, आणि काकांना समजावायला म्हणून तडक बस धरून गेले. तिथे काका ओसरीवर बसून सायकलची चेन बसवत होते.

अशा अक्षरांत अप्पांनी गाडीचं सगळं लिहून ठेवलं होतं. ब्रेक कधी आवळला, चेन कधी बदलली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, आणि अक्षर थरथरतं, म्हणजे आजारपणातलं. मी ती अशी वाचली: आयिल सोडू नको. तमिळ माणूस ऑइलला आयिल म्हणतो. शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा तर तमिळमध्ये त्याच्या डोक्यावर टिंब देतात, पण अप्पा टिंबं देत नसत, ऱ्हस्वदीर्घही पाहत नसत. वाचणाऱ्याला अक्कल असेल तर त्याने समजून घ्यावं, असा त्यांचा खाक्या. मी समजून घेतलं. टाकीचं पाणी सोडतात तसं इंजिनातलं ऑइल सोडायचं नाही. अप्पांनी जाता जाता मला दिलेली एकुलती एक सूचना, असं वाटून मला बरंही वाटलं. हाताला ग्रीस होतं, त्याचा अंगठा पानावर उमटला.

मग तीन महिने मी गाडी उघडत होतो. ऑफिसला जायच्या आधी तासभर आणि रविवारी सबंध दिवस. काढलेले बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत ठेवले आणि कुठल्या बरणीत कुठले ते लिहायला विसरलो. वायरी उलट जोडल्या, तर ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. मेकॅनिक आठवड्यातून एकदा येऊन माझी करामत पाहायचा, कपाळाला हात लावायचा आणि जायचा. पण काम पुढे सरकत होतं. लांब सीट काढली. मागचा मडगार्ड काढला. मग ग्राइंडर आणून सांगाड्याचा मागचा भाग कापला, त्यालाच धरून साडी गार्ड होता आणि त्याच्याखाली पाय ठेवायची पट्टी.

त्या पट्टीवर आयीने चाळीस वर्षं पाय ठेवला होता. तिचं माहेर ओरत्तनाडूचं. दर महिन्याला अप्पा तिला मागे बसवून तिकडे नेत, ती एका बाजूला पाय सोडून बसे, मांडीवर टोपली. पट्टीवरची नक्षी तिच्या चपलेने झिजून गुळगुळीत झाली होती. मी कापत होतो तेव्हा ती दाराशी येऊन उभी राहिली. ठिणग्या उडत होत्या. मी मशीन बंद करून विचारलं, काय हवं? तिने विचारलं, ते लोखंड टाकणार काय? मी म्हणालो, भंगारात. मला दे म्हणाली. मी दिलं. तिने तो साडी गार्ड परसातल्या भिंतीला टेकवून उभा केला आणि त्यावर जाईचा वेल चढवला. तिला वेलाला आधार हवा होता, असं मी धरून चाललो. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

इंजिन चालू करायच्या दिवशी मेकॅनिकने खाली ताट सरकवलं आणि ड्रेन बोल्टला पाना लावला. दोन वर्षांचं ऑइल आहे, आधी ते काढू, म्हणाला. मी त्याला थांबवलं. वही दाखवली. त्याला मराठी येत नाही, पण अक्षरं त्याचीच. त्याने 'आयिल' तेवढं वाचलं, पुढचं मी समजावलं. तो म्हणाला, असं कोणी सांगत नाही, सार. माझा पारा चढला. चाळीस वर्षं गाडी ज्यांनी चालवली ते सांगून गेलेत, मी म्हणालो. त्याने पाना ठेवून दिला. जुन्या ऑइलवरच थोडं नवं ओतलं आणि गाडी चालू झाली. तोच जड आवाज. आयी दारात येऊन ऐकत उभी राहिली. गाडीवर तिला बसायला जागा नव्हती, त्यामुळे मी बस म्हणू शकलो नाही, आणि तसाच निघून गेलो.

ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागलो. बाजूला भात उभं होतं. गाडी छान चालली होती आणि मी होसूरच्या गप्पा मनातल्या मनात मारत होतो. अर्ध्या वाटेवर इंजिनातून कर्रर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. मी पडलो नाही, हे माझं नशीब. इंजिन जाम. आमच्याकडे छोट्या टेम्पोला कुट्टियानै म्हणतात, म्हणजे हत्तीचं पिल्लू. त्या हत्तीच्या पिल्लावर गाडी चढवून परत आणली. मेकॅनिकने तळ उघडला तर ऑइलचं डांबर झालेलं, वर तेल जायची वाट बंद, पिस्टन ओरबाडून निघालेला. त्याने तो पिस्टन माझ्या हातात ठेवला.

घरी आलो ते धुमसतच. वही आयीपुढे आपटली. म्हटलं, बघ तुझ्या नवऱ्याचं शहाणपण, मरताना सुद्धा उलटंच सांगून गेला. असं मी बोललो. ती खाली बसून शेंगा सोलत होती. मला दिसत नाही, तूच वाच, म्हणाली. मी ठसक्यात वाचलं, आयिल सोडू नको. तिचे हात थांबले.

"आणखी एकदा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मग ती शेंगा पुन्हा सोलू लागली.

"ऑइलच अस्सेल," ती म्हणाली. "जाऊ दे. ते गेले, आता त्यांवरी रागावून काय?"

मी उठून परसात गेलो. मेकॅनिकचं ऐकलं नाही याची लाज होती, आणि चूक आपली नसून अप्पांची, ते स्वतः ऑइल बदलत आणि मला उलटं सांगून गेले, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून वहीत मागे कुठे ऑइल बदलल्याची नोंद आहे का ते शोधू लागलो. होत्या, ढीगभर होत्या. आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, एण्णै. एण्णै घातलं. एण्णै बदललं. चाळीस वर्षांत एकदाही आयिल नाही. त्यांच्या तोंडात तो शब्दच नव्हता. मला हे पाळण्यापासून ठाऊक होतं.

मी शेवटचं पान पुन्हा उघडलं. शब्दाच्या शेवटी माझ्या अंगठ्याचा काळा डाग होता. पान उलटं केलं. अप्पा बॉलपेन दाबून लिहीत, मागच्या बाजूला अक्षरं उठत. बोटाने चाचपलं, तर डागाच्या जागी आणखी एक रेघ उठलेली लागली. काना होता तो, माझ्याच ग्रीसखाली बुडालेला. आयिल नव्हे. आयिला. आयीला.

आयिला सोडू नको.

मी तिथेच, कापलेल्या गाडीशेजारी बसलो. अप्पांना माहीत होतं की मी त्यांची कपाटं, कागद, पोथ्या काही उघडणार नाही. उघडलीच तर ही वही उघडेन. जिथे आम्ही बोलत असू तिथेच त्यांनी ते सांगून ठेवलं. आणि दुसरी गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली, ती जास्त लागली. आयीला ते ऐकताक्षणी कळलं होतं. अक्षरं मी वाचत होतो, ती नुसती मराठी ऐकत होती. दोनदा ऐकून ती मला म्हणाली होती, ऑइलच असेल.

आत जाऊन मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, ते आयिला आहे.

"मज ठाऊक," ती म्हणाली.

"मग ऑइल का म्हणालीस?"

"तुज जायचं होतं नव्हं." तिने शेंगांची टोपली बाजूला केली. "त्यांनी लिव्हलं म्हणून तू मज ठेवून घेशील, कण्णा. तसं नको मज. कुणी लिव्हल्यावरी ठेवून घ्यायला मी काय ह्या घरची गाय?"

कण्णा ती मला लहानपणी लाडाने म्हणायची. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाही कळत नव्हतं की मी अप्पांना घाबरलोय की मला तिला सोडायचं नाहीये. मला जायचं होतं, हे खोटं नव्हतं. सेहेचाळीस वर्षं एकाच गल्लीत काढून मी कंटाळलो होतो, आणि त्या कंटाळ्यात तीही आली होती. हे मी तिला सांगून टाकलं. ती मान हलवत ऐकत होती. मीही कंटाळते तुज, म्हणाली.

इंजिन दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. त्या दिवसांत मला बाकी काम नव्हतं, म्हणून विचार करायला वेळ मिळाला. सकाळी परसात बसलो की ती कॉफी घेऊन यायची, भिंत धरत धरत, अर्धी सांडत. नको आणू म्हटलं तरी आणायची. एका सकाळी ती आली नाही, जरा डोळा लागला होता इतकंच, पण त्या पंधरा मिनिटांत मला परसात बसवेना. मी आत जाऊन ती श्वास घेते आहे का ते पाहून आलो. त्याच दुपारी ऑफिसात बदली नको असं लिहून दिलं. तिरुच्चीला फोन करून आश्रमातली जागा नको म्हणून कळवलं. आयीला काही सांगितलं नाही, कारण अप्पांचं नाव निघालं असतं आणि तिला ते नको होतं.

त्याऐवजी मी भिंतीशी जाऊन साडी गार्डवरून जाईचा वेल सोडवायला लागलो. तो चांगलाच गुंतला होता. एक एक फांदी सोडवून भिंतीला मारलेल्या दोरीवर चढवली. मेकॅनिकने सांगाड्याचा तुकडा परत वेल्ड केला. जोड जाडजूड आणि ओबडधोबड आला, रंगाखालूनही दिसतो. सीट नवी करून घेतली, लांब, मागे टेकायला दांडा असलेली, आणि गुडघे वाकत नाहीत म्हणून पट्टी चार बोटं खाली बसवली. व्हिडिओवाल्यांना ही गाडी दाखवली असती तर ते हसले असते. या वेळी ड्रेन बोल्ट मी स्वतः उघडला.

एका रविवारी सकाळी गाडी दाराशी लावली. आयी पायरीवर येऊन पाहू लागली. तिचा हात आधी सीटवरून फिरला, मग खाली वाकून तिने पट्टी चाचपली. तिची तीच, गुळगुळीत. काही विचारलं नाही. शेजारच्या दोघींनी धरून तिला ओसरीच्या कडेवरून मागे बसवलं. तिने एक हात दांड्यावर ठेवला आणि दुसऱ्याने माझा सदरा पाठीशी मुठीत धरला. मी गाडी चालू केली, क्लच दाबून धरला, गिअर टाकला आणि विचारलं, नीट बसलीस?

"बसले," ती म्हणाली. "आता सोड."

गाडी सोड, एवढंच तिला म्हणायचं होतं. माझी बोटं क्लचवरून काही केल्या उठेनात.