उप्पीट आणि पहिलीचा वर्ग

शाळेनं मला घेतलं ते उप्पीट शिजवायला. खरं तर मी उदगीरला मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं केलेली बाई. लहान मुलांना अक्षरओळख कशी करून द्यायची, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात मन लावून शिकले होते. लग्न होऊन म्हैसूर राज्यात, औरादच्या बाजूला आले आणि ते ट्रेनिंग हद्दीपलीकडचं ठरलं. इकडच्या नोकरीला इकडचंच ट्रेनिंग हवं. गाव मराठी, शाळा मराठी, पण ते सांगायचं कुणाला? त्याच सुमारास म्हैसूरचं कर्नाटक झालं. राज्याचं नाव बदललं, आता नियमही बदलले असतील, म्हणून मी पुन्हा कचेरीत गेले, तर तिथला कारकून हसला. मी तशी तापट, तरी त्या दिवशी भांडायच्या ऐवजी रडूच आलं.

सरकारकडून मक्याचा पिवळा रवा यायचा. पत्र्याच्या शेडमध्ये चूल, चुलीवर भलं मोठं पातेलं, आणि शेडला लागूनच पहिलीचा वर्ग. मध्ये एकच भिंत. पलीकडं कुणी पाढा चुकला की माझं उलथनं पातेल्यात जोरात आपटायचं. आत जाऊन एकदा बरोबर करून द्यावंसं वाटायचं. जीव नुसता तळमळायचा.

मग पहिलीला नवे गुरुजी आले. शेतकीचा कोर्स केलेला, मिशी नुकती दाट झालेला मुलगा. शेतकी खात्यात जागा मिळेना म्हणून तात्पुरता मास्तर झालेला. त्याला मास्तरकीचं कसलंच ट्रेनिंग नव्हतं, पण शिकला इकडं आणि कन्नड पक्की, तेवढ्यावर भागलं. त्याचं तोंड बघायच्या आधीच मी त्याचा राग करून मोकळी झाले होते.

पण राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. एक मूल रडलं की सगळा वर्ग रडायचा आणि हा खिडकीपाशी उभा राहून पलीकडच्या तुरीकडं बघत बसायचा. गावात कळलं तशी शेतकरी मंडळी रोगट पानं घेऊन त्या खिडकीशी यायला लागली. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा खुलायचा. एके दिवशी एका रडणाऱ्या पोरीचा हात धरून तो शेडच्या दारात आला.

"अक्का, हे मला जमायला न्हाई. तुमी जरा बघता का?"

तिथून आमचं ठरूनच गेलं. मुलांचं जेवण झालं की भांडी भिजत टाकून मी वर्गात जायची आणि तो शिवारात. मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, तेवढ्यात दुसरीकडं बघायचे. माझ्या हाताला धुराचा वास होता, पण त्या हातात खडू आला तेव्हा झालेला आनंद मला लग्नातही झाला नव्हता. आता म्हातारपणी हे लिहायला हरकत नाही. चिंचोक्यांवर मोजणी झाली, धुळीत बोटांनी अक्षरं गिरवून झाली. दिवाळी उलटली तशी मुलं धडे वाचायला लागली. तो चिखलानं भरलेले पाय घेऊन परत यायचा, पोटभर जेवून आल्यासारखा. दोघांचंही बरं चाललं होतं.

आणि न कळवता बीदरहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी एकेका मुलाला उभं करून वाचायला लावलं. मुलं घडाघडा वाचत गेली. साहेब खूश झाले. गुरुजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की तुम्हाला कायम करायची शिफारस करतो. मी दारात उलथनं घेऊन उभी. कुणीतरी खरं सांगावं असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, मी एक अक्षर शिकवलो न्हाई. हे सगळं अक्कानं केलंय."

साहेबांनी माझं ट्रेनिंग कुठलं ते विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि उदगीर म्हटल्यावर नकाराची मान हलवली. मग मोठ्या गुरुजींना बजावलं, की स्वयंपाकाच्या बाईनं वर्गात पाऊल ठेवायचं नाही. चूल सोडून ती इकडं, आणि एखादं लेकरू विस्तवाशी गेलं तर जबाबदार कोण? त्यांचंही खोटं नव्हतं. त्यामुळं त्यांच्यावर चिडताही येईना.

दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात येऊन, माझं चुकलं का, असं विचारत राहिला. मी नाही म्हटलं. मनातून मात्र कितीतरी दिवस त्याच्यावर धुमसत होते. तो गप्प बसला असता तर वर्ग माझ्याकडं राहिला असता. आणि तो गप्प बसला असता तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं. पुढं त्याला शेतकी खात्यात जागा मिळाली आणि तो हसत गेला. मला त्याचा हेवा वाटला.

वर्गातली मुलं मला बाई म्हणायला लागली होती. ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली तरी बाईच म्हणायची. मोठ्या गुरुजींनी त्यांना समजावलं, अगदी मायेनं, की बाई नाही, अक्का म्हणायचं. सांगितलेलं लगेच उचलणारी मुलं होती ती. तशी मीच त्यांना घडवली होती. आठवडाभरात एकेक जण अक्का म्हणायला लागला. एका पोरीला तेवढं जमेना. ती पुढं आली, बाई म्हणायला तोंड उघडलं, मोठ्या गुरुजींकडं पाहिलं आणि नुसती ताटली वर धरली. मी तिला वाढलं.