घुबडबाईंचे वाचक

विद्यार्थी त्यांना घुबडबाई म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी उभा जन्म घुबडांवर संशोधन करण्यात घालवला होता आणि उरलेला राग धाकट्या भावासाठी राखून ठेवला होता. तो एक रंगीत मासिक चालवायचा आणि ‘अंधाराचे राजे’ असले मथळे देऊन घुबडं घरोघरी पोचवायचा.

“बिनडोकांसाठी लिहितोस तू,” त्या सुनवायच्या.

“आणि तुझे शोधनिबंध कोण वाचतं? तू आणि तुझा टंकलेखक!” तोही काही कमी नव्हता.

मग बाई ज्यांचा अभ्यास करत होत्या, त्या एका कड्यातल्या दुर्मीळ घुबडांची पिल्लं चोरांनी घरट्यांतून उचलून नेली. बाई तरातरा मासिकाच्या कचेरीत शिरल्या आणि त्यांनी त्याच घुबडांवर लेख असलेला ताजा अंक भावाच्या टेबलावर आपटला. “तूच चोरांना वाट दाखवलीस!”

“जागा कुठे छापलीय दाखव,” भाऊ म्हणाला. “फोटोतला कडासुद्धा कापलाय मी. आमचे वाचक बिनडोक ना!”

बाईंनी त्याचा लेख जन्मात पहिल्यांदा वाचला. जागेचा मागमूसही नव्हता.

“तुझ्या निबंधात काय असतं, ताई?”

“प्रत्येक घरट्याचे अक्षांश-रेखांश! त्याशिवाय आमचं नियतकालिक निबंध घेतच नाही!” बाई कडाडल्या, आणि हातातला अंक त्यांनी हळूच मिटला.

भावाने अंक शांतपणे ड्रॉवरमध्ये टाकला.

“मग माझंच चुकलं. तुझे निबंध कुणीतरी अगदी मन लावून वाचतं.”