सूत घेऊन वंटमुरी चढलेली आक्काची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, बॅटरीवर चालणारी तीनचाकी मालगाडी घेतली तेव्हा आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीनं तिला सरळ वेड्यात काढलं. "खेळण्यातली गाडी हाय. शेजारच्या शहापूरला जाऊन आली तरी लई झालं," असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं बाबूअण्णा. त्यांचा डिझेलचा टेम्पो, आणि गल्लीतल्या साड्या-सुताची निम्मी भाडी त्यांचीच.

आता आमच्या गल्लीविषयी. घरटी माग आहेत आणि माल भरताना टेम्पो दारात चालू ठेवायची रीत आहे. बंद केला तर परत लवकर सुरू होत नाही म्हणे! त्या धुराची काजळी पांढऱ्या सुतावर बसते. आप्पांचा, आमच्या वडिलांचा, हातमाग गल्लीकडच्या खिडकीपाशी आहे. छातीत शिट्टी वाजायला लागल्यापासून त्यांनी ती खिडकी बंद केली, त्याला आता वर्षं झाली. भर दुपारी दिवा लावून विणतात. आक्कानं गाडी घेतली ती पोटासाठी, हे खरंच. पण त्या खिडकीसाठीही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शेवटी विणकरांनी बसून ठरवलं. आक्कानं साड्या निपाणीला पोचवायच्या, तिथं इचलकरंजीहून आलेलं सूत भरायचं आणि ते घेऊन वंटमुरीचा घाट स्वतःच्या गाडीच्या जोरावर चढायचा. जमलं तर गल्लीचा सगळा माल तिच्याकडं, आणि डिझेलच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशीच थांबणार. न जमलं तर हा विषय परत काढायचा नाही. शाळेला सुट्टी होती, मी म्हटलं, मी पण येते. मास्तरीण बरोबर असली की साक्षीला बरी!

निघायचा बेत असेल तर पहाटेच निघा, हे आधीच सांगते. काकती-होनग्याच्या पुढं रस्ता रुंद करायचं काम चाललंय, उन्हं वर आली की धुळीनं डोळे उघडवत नाहीत. पण पहाटे निघणं आमच्या नशिबात नव्हतं, कारण आमच्याकडं निपाणीला कुणी निघालंय म्हटलं की सगळ्या गल्लीचे पाहुणे निपाणीतच निघतात. कुणाच्या लेकीला कुंद्याची मिठाई, कुणाच्या जावेला लोणच्याची बरणी, एका आजीनं तर नातीसाठी अख्खा पाळणा आणून ठेवला. नाही कसं म्हणणार? उद्या ह्यांच्यातच राहायचंय.

जाताना वंटमुरीचा घाट उतरणीचा. गाडी उतरायला लागली आणि बॅटरीचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. "आक्का, बिघडली का गं ही?"

"उतारावर बॅटरी आपली आपण भरती गं. तू पोरांना शिकवतीस काय नक्की?" आक्का पदरावर चढवलेला खाकी शर्ट सावरत हसली.

संकेश्वरला नाष्ट्याला थांबा. इडली मऊ, चटणीला तिथल्याच मिरचीचा झणका, आणि दोघींचं पोट भरून फार खर्च नाही. हॉटेलच्या मालकांनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "एष्ट ओडतैत्रि इदु?" किती पळते ही? आक्कानं कन्नडमध्येच अशी काही माहिती दिली की त्यांनी आपण होऊन चार्जिंगसाठी तारेचा बोर्ड बाहेर काढून दिला. पैसे विचारले तर "चहा प्या, झालं!" म्हणाले.

तवंदी घाट उतरून निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास आधी भेटतो, मग गाव. साड्या दुकानात पोचवल्या. पार्सलं घरोघरी देता देता दुपार टळली. मुक्काम आत्याकडं. रात्री गाडी आत्याच्या सोप्यात चार्जिंगला लावली आणि आम्ही रश्श्यावर ताव मारला. निपाणीत जेवण कोल्हापुरी, गप्पा बेळगावी, अशी चैन आहे.

दुसऱ्या दिवशी सूत भरलं. आणि मग तेच. ज्यांना कुंदा मिळाला होता त्या सगळ्यांनी उलटी पाठवणी केली. गुळाच्या ढेपा, शेंगा, तंबाखूची पेंडी. तवंदी घाट गाडी चढली खरी, पण संकेश्वरात वर मिरचीची पोती आली. तेवढ्यात मागून बाबूअण्णांचा टेम्पो येऊन थांबला. त्यांचंही निपाणीचं भाडं होतं, आता रिकामे परतत होते.

"दोरी घेतलीया बरोबर," ते म्हणाले. "घाटात ओढायला लागंल."

"तुमच्या गळ्यात बांधायला ठेवा," मी म्हटलं. राग आला होता, का लपवू?

हत्तरगी गेलं, घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर गाडी मंदावली. दुसऱ्या वळणावर ती नुसती गुणगुणायला लागली आणि आक्कानं कडेला घेतली. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. मागून बाबूअण्णा दोरी घेऊन उतरलेच.

"बांधू काय?"

माझ्या डोळ्यांसमोर आप्पांची बंद खिडकी आली. मी मागं जाऊन ताडपत्री वर केली आणि बघतच राहिले. सूत होतं तेवढंच होतं, वरचा डोंगर गल्लीचा!

"अण्णा, ठराव सुताचा झालाय. मिरची-गुळाचा न्हाय," मी म्हटलं. "हे सगळं तुमच्या रिकाम्या टेम्पोत घ्या. गल्लीचंच हाय."

बाबूअण्णा जरा घुटमळले. "ती कोपऱ्यातली ढेप आमची हाय. तेवढी ऱ्हाऊ दे की."

"तुमची? तुमचा टेम्पो रिकामा असताना?"

"हिची गाडी फुकट नेत हुती म्हणून ठेवली."

आक्का अशी हसली की रस्त्यावरचे ट्रकवाले वाकून बघायला लागले. मग बाबूअण्णाही हसले, दोरी खांद्यावर टाकली आणि स्वतः पोती उचलायला लागले. सगळ्यात शेवटी आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"सुमे, तू पण उतर. तू काय सूत हायस व्हय?"

अशी मी बाबूअण्णांच्या शेजारी बसून घाट चढले. पुढं आक्का एकटी, तिची गाडी हळूहळू पण न थांबता वळणं घेत होती. मागं काही नाही. धूर नाही, आवाज नाही, गाडीमागची हवा तिच्यापुढच्यासारखीच स्वच्छ. आणि आमच्या आरशात बघावं तर काळंकुट्ट! बाबूअण्णांनीही आरशात बघितलं. मग काच वर केली.

माथ्यावर आक्का गाडीला टेकून उभी होती. माझी बहीण आहे ती, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. बाबूअण्णा खाली उतरले.

"चढलीस की गं," एवढंच म्हणाले. पण म्हणाले.

संध्याकाळी वडगावात पोचलो. बाबूअण्णांनी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावला आणि बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. मिरची-गूळ परत आक्काच्या गाडीत चढवून आम्ही दोघी वाजतगाजत स्वागत होणार म्हणून ऐटीत आत शिरलो, तर गल्ली आपल्या कामात. कुणाला कळलंच नाही गाडी आलेली! आमच्याकडं गाडी आवाजावरून ओळखायची सवय, आणि हिला आवाजच नाही. शेवटी आमच्या दारात आक्कानं वैतागून भोंगा दाबला.

आतला हातमाग थांबला. कडी करकरली, फळी अडकली, धक्का बसला आणि खिडकी उघडली. आप्पांनी बाहेर डोकं काढलं.

"कोण हाय रं?"

"मी आप्पा. सूत आणलंय."

आप्पांनी गाडीकडं बघितलं, मागच्या रिकाम्या गल्लीकडं बघितलं, एक श्वास घेतला, मग आणखी एक मोठा घेतला.

"वंटमुरी?"

"चढली."

त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन दिवा मालवला. खिडकी लावायला हात काही पुढं आला नाही. अंधार पडेपर्यंत त्या खिडकीतून मागाचा आवाज बाहेर येत राहिला, आणि आम्ही दोघी पायरीवर ज्याच्या त्याला मिरच्या मोजून देत बसलो.