बठ्ठं झाकी ठेव

आबा वात वितीने मोजत आणि वेळ भगताच्या पावलांनी. वीतभर वात म्हणजे भगताची वीस पावलं, एवढाच त्यांचा हिशेब.

पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव. माघ पौर्णिमेला खंडेरावाची जत्रा भरते आणि दिवस मावळताना बारागाड्या ओढल्या जातात. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, बैल एकालाही नाही, आत माणसं खच्चून भरलेली, आणि कमरेला दोर बांधून त्या ओढणारा एक भगत. मैदानात गाड्या हलल्या की देवळापुढे आबा वात पेटवायचे. गाड्या देवळाशी पोचायला आणि झाड फुलायला एकच गाठ पडायची. झाड म्हणजे शोभेच्या दारूचं झाड. बांबूच्या उंच सांगाड्यावर चक्रं आणि नळे बांधलेले.

आबा आमचे शेजारी, कपाशीचे शेतकरी. दारूकाम हा त्यांचा धंदा नव्हता, हौस होती. परवान्याचा कागद ते पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत, आणि वातीचं सूत घरच्या कापसाचंच हवं असा त्यांचा हट्ट असे.

एका वर्षी मात्र घोटाळा झाला. जुना भगत थकला म्हणून त्याचा मुलगा उभा राहिला. लांब टांगांचा गडी. गाड्या भराभर पोचल्या, नारळ फुटले, निम्मं गाव जेवायला गेलं आणि मग झाड फुललं. पंचांतले नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, तुमनं झाड आखाजीले फुलाडता का आते? पुढला साले बी असंच व्हयनं, तं धुळानी पार्टी बलावूत." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, जत्रेनंतर अडीच महिन्यांनी येणारी; आणि पार्टी म्हणजे धुळ्याचे धंदेवाईक दारूकामवाले.

आबा विझलेल्या झाडाच्या दोऱ्या सोडत राहिले. मला ते पाहवलं नाही.

पुढच्या जत्रेच्या वेळी मी जळगावला सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटे, याला सगळं कळतं. मला काय काय कळत नाही, हे वर्गात रोज कळत होतं. पण ते घरी सांगायचं धाडस नव्हतं. प्रयोगशाळेत एक स्टॉपवॉच होतं. जत्रेआधी ते सरांकडे मागायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कसंबसं तोंड उघडलं. सर हसले, म्हणाले, "सोमवारी परत पाहिजे."

आबांच्या अंगणात मी वातीचे तुकडे जाळून वेळ मोजला. आबा माझ्या खांद्यावरून घड्याळात बघत होते.

"तुनी घडी काय सांगस?"

"आबा, तुमची वात एकसारखी जळते. दर वेळी तेवढेच सेकंद."

"ते माले चाळीस वरीसफाईन मालूम शे," आबा म्हणाले. "भगतनं सांग."

नवा भगत चालून दाखवायला तयार होईना. "अंगमा देव उना बिगर कसा चालू मी?" शेवटी दोन कप चहा पाजला, तेव्हा देवाशिवायच मैदानातून देवळापर्यंत चालला. मी वेळ टिपला, गाड्यांच्या ओझ्याची सूट धरली, आणि वात किती विती हवी ते आबांना सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात पावलं मोजली. मान हलवली. मला वाटलं, मी आजच पास झालो.

जत्रेच्या दिवशी आबांनी झाड बांधलं. मुख्य वात उघडी होती. एका चक्रातून दुसऱ्याकडे जाणारे तुकडे तेवढे त्यांनी कागदाच्या नळीत घातले होते. का घातले, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कॉलेजात जाऊन मला एक खोड लागली होती, न कळलेल्या ठिकाणी मान डोलावण्याची.

ऊन उतरल्यावर आबा आंघोळीला निघाले. जाता जाता म्हणाले, "दव पडी. बठ्ठं झाकी ठेव."

बठ्ठं म्हणजे सगळं. शेजारीच ताडपत्रीची घडी पडली होती. ती मी पाहिलीसुद्धा. पण मग त्या कागदाच्या नळ्या दिसल्या आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: हे तुकडे दवासाठीच झाकलेत, म्हणजे राहिलेली वातही तशीच झाकायची! मी घरून जुन्या जर्नलची पानं आणली, आईकडून खळ मागून घेतली आणि एवढी लांब वात टोकापर्यंत कागदात गुंडाळली. बोटभर शेंडा तेवढा पेटवायला बाहेर. काम सुबक झालं होतं, हे आजही सांगतो.

आबा आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि त्यांची नजर मैदानाकडे लागली होती. तिकडे झेंडा हलला. भंडारा उधळला, "येळकोट येळकोट" झालं, गाड्या करकरल्या. आबांनी उदबत्ती शेंड्याला लावली आणि नेहमीसारखे चार पावलं मागे सरले.

सर्रर्र!

बस, एवढंच. ठिणगी कागदात शिरली आणि दिसेनाशी झाली. पुढच्या श्वासाला अख्खं झाड पेटलं. चक्रं, नळे, सगळं एकदम. गाड्या अजून दहा पावलंही आल्या नव्हत्या.

भगताने समोर फुललेलं झाड पाहिलं आणि तो सुटला. बारा गाड्या मागे घेऊन अक्षरशः पळाला. गाड्यांतल्या बाया किंचाळत होत्या, पोरं हसत होती, गाड्यांना हात लावून धावणाऱ्यांच्या टोप्या पडल्या. तो देवळाशी येऊन थांबला तेव्हा शेवटचं चक्र फिरतच होतं. असा जल्लोष गावाने पाहिला नव्हता. मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.

आबांनी खाली पडलेला अर्धा जळका कागद उचलला. त्यावर माझ्या अक्षरात लंबकाचा प्रयोग होता.

"वात बी झाकी का रे?"

"तुम्हीच म्हणालात, बठ्ठं."

आबांनी कपाळाला हात लावला. "अरे भो, उघडी वात चालस. झाकेल वात पयस." पळावी म्हणूनच तर चक्रांमधले तुकडे त्यांनी नळ्यांत घातले होते.

तेवढ्यात पंच आले. नाना खुशीत होते, पण बोलायचं ते बोललेच. "मजा उनी आबा. पन लवकर पेटाडी दिनी तुम्ही. आते हात कापतस तुमना. वय झायं. पुढला साले पार्टीच बलावूत."

कागद आबांनी मुठीत दाबून धरला होता. माझं नाव ते घेणार नव्हते.

चार माणसांपुढे मी कधी बोललेलो नव्हतो. तरी पुढे झालो. "नाना, वात आबांनी वेळेवरच पेटवली. कागद मी गुंडाळला. चूक माझी आहे."

"कागदवरी वात पयस? कॉलेजमा हाईच शिकाडतस का रे?"

"माले तं खंडेरावनीच बलायं," भगत धापा टाकत म्हणाला. लोकांना तेच पटलं. माझ्यावर कोणी विश्वास ठेवेना.

"मंग सकाये दाखाड," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी पारावर आबांनी सारख्या लांबीच्या दोन वाती ठेवल्या, एक उघडी, एक कागदात. घड्याळ नानांच्या हातात. आबांनी दोन्ही एकदम पेटवल्या. त्यांचा हात जराही कापला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. झाकलेली वात सर्रकन संपली. उघडी आपली सावकाश चालत राहिली.

नानांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, मग मला परत दिलं.

"पार्टी नको," ते म्हणाले. "झाड आबाच करतीन. फक्त आबा, ह्या पोऱ्याले बठ्ठं हाऊ शब्द जपीसन सांगत जा."