फक्त जोडप्यांसाठी

शहाद्याचं आमचं घर दोन खोल्यांचं. आमच्या आणि सासू-सासऱ्यांच्या खोलीच्या मध्ये एक पडदा, आणि पडद्यापलीकडे सासूबाईंचा खोकला. तो खोकला आजाराचा नव्हता. 'मी जागी आहे' एवढंच तो कळवायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. प्रेमाचं सोडा, उद्या भाजी काय आणायची हेसुद्धा आम्ही कुजबुजत ठरवायचो.

मी रनाळ्याची. आमच्या भावकीत कॉलेज पुरं केलेली पहिली पोर मीच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. शिकलं की माणसाला नको ते वाचता येतं. मी मोबाइलवर एक जाहिरात वाचली: तोरणमाळच्या वाटेवर कुण्या गोऱ्या साहेबाचा जुना बंगला, कौलारू, उबदार, शेकोटीसह, फक्त जोडप्यांसाठी. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला तर कातडी सोलते, आणि हे लोक ऊब विकत होते. पण दिवस थंडीचे होते आणि मला शेकोटी नकोच होती. मला दोन दिवस नवरा हवा होता, पडद्याशिवाय. माझ्या पगारातून मी पैसे भरून टाकले.

राहिलं घरी सांगणं. ते काम नवऱ्याचं. हा माणूस कापसाच्या व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालतो, पण आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. जेवता जेवता खाली मान घालून म्हणाला, "माय, डोंगरवरना देवना नवस फेडाले जाई ऱ्हायनूत. आम्ही दोन्हीच."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "फेडाले?"

"हा."

"बोलाले नही, फेडाले?"

"फेडाले," तो म्हणाला.

त्या उठल्या, देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर माझ्या तोंडात कोंबली. मला वाटलं, थाप खपली. पण आमच्याकडे नवस फेडायला कधी दोघंच जात नाहीत, हे तो गडी विसरला होता. "घरना माणसं मरी गयात का?" म्हणत सकाळी सासूबाई आमच्याआधी भाड्याच्या जीपमध्ये बसलेल्या. शेजारी सासरे, पायाशी नारळ, आणि वरण-बट्टीचा सगळा शिधा. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्यात त्याचं शहाणपण होतं.

घाटात दर वळणाला त्या ड्रायव्हरला बजावत होत्या, "धीरे चाल भाऊ, गाडीमा नाजूक माणूस शे." मला वाटलं, स्वतःबद्दलच बोलतायत.

बंगल्याच्या पायरीवर कडक इस्त्रीचा व्यवस्थापक उभा होता. आमचा लवाजमा बघून तो म्हणाला, "सॉरी, इथे फक्त कपल्स राहतात."

"काय म्हनस तो?" सासूबाईंनी मला विचारलं.

"फक्त जोडप्यांना घेतात, आई."

"मंग आम्ही कोन शेतस? बहीन-भाऊ?"

यावर त्याच्याकडे नियम नव्हता. आम्ही आत गेलो. खोलीत मध्यभागी एक जातं ठेवलेलं, त्यावर झेंडूची फुलं. "जातावर फुलं कसाले? मरनं का ते?" म्हणत सासूबाईंनी ती झटकून टाकली. न्हाणीतला पांढरा टब बघून सासऱ्यांनी इथे ढोरं पाण्यावर येतात का, ते विचारलं. पलंगावर टॉवेलाचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसले होते. त्यातला एक उलगडून त्यांनी तोंड पुसलं.

मी बॅग उचलायला वाकले, तशी सासूबाईंनी हातातून हिसकावली. "वजन उचलू नको. देवन्या पायऱ्या बी चढू नको, नारळ मी फोडी येस. कोनता महिना शे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कान तापले. चार वर्षं पाळणा न हललेल्या घरातला मुलगा नवस फेडायला निघाला म्हणजे देवाने दिलं, असाच हिशेब होता. नवरा छताचे वासे न्याहाळत होता, जणू त्या गोऱ्या साहेबाने ते त्यालाच तपासायला सांगितले होते.

"आई, नवस नाही," मी म्हणाले. "दिवसही गेलेले नाहीत. आम्हाला दोघांनाच राहायचं होतं, म्हणून आलो."

त्या पलंगावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवला नाही. मग त्या लेकाला म्हणाल्या, "मंग तसं सांगाले काय झायं व्हतं?"

"काय सांगू, माय?"

"हाईच. तू काय आभायमाईन पडना का? आमले बी समजस."

मग मीही सोडलं नाही. "आणि रोजचा तुमचा खोकला?"

"तुम्ही दोन्ही इतला चिडीचूप. माले वाटे, भांडेल शेतस. खोकलं म्हंजे कोनी तरी पानी देवाले उठी, अन् दोन शब्द बोली."

चार वर्षं आम्ही त्या खोकल्याला घाबरून गप्प, आणि त्या आमच्या गप्प बसण्याला घाबरून खोकत होत्या. एवढं शिकून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सासरे पलंगावर आडवे होऊन म्हणाले, "हाई गादी बरी शे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. दोघं आयुष्यात गावाबाहेर झोपले ते फक्त पाहुण्यांच्या लग्नात, त्या बायकांत आणि ते पुरुषांत. त्यांनी पदर खोचला. "तुम्ही घर जा. पैसा भरेल शेतस, वाया कसाले घालाना?"

"अन् तू?" नवऱ्याने विचारलं.

"आमले बी लगीनना कागद दखाडाना पडी का?"

वरण-बट्टीचा शिधा त्यांनी ठेवून घेतला. जीप वळताना दिसलं, सासरे व्हरांड्यात बसलेले, आणि सासूबाई व्यवस्थापकाला बट्ट्या भाजायला गोवऱ्या कुठे मिळतील ते विचारत होत्या.

दिवस मावळायच्या आत आम्ही शहाद्याला पोचलो. कुलूप काढतोय तोच शेजारच्या काकू साखर मागायला वाटी घेऊन आल्या. साखर कमी, डोळे जास्त. "माय कोठे गयी रे?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"माय-बा फिराले गयात," तो म्हणाला. "घरमा आम्ही दोन्हीच शेतस. तुम्ही परवा या, काकू."

आणि त्याने कडी लावली.