नागनाथाशी ठरलेला पाच सोमवारांचा सौदा

औंढ्याच्या नागनाथाने मला फसवले. सौदा उजव्या हाताचा ठरला होता, त्याने डावा दिला. हे बोलणे ज्यांना पाखंडी वाटेल त्यांनी आधी पुरते ऐकून घ्यावे.

मी शिरड शहापूरचा, बैलांची दलाली करणारा. बाप लहानपणीच गेला, तेव्हा लोकांची मेंढरे राखली. एका दुष्काळात मेंढरे गेली, तेव्हा बाजारात दुसऱ्यांच्या बैलांना पाणी पाजले आणि पाजता पाजता बैल पारखायला शिकलो. मी कुणाच्या आधाराने वर आलो नाही, असे चारचौघांत छाती काढून सांगत असे. देवाला नमस्कार करी, पण घाईत.

आमचा धंदा बोटांचा. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात. धरली तितका आकडा. पूर्ण पंजा धरला की पाच. हिसडा देऊन हात सोडवला की सौदा मोडला. माझ्या उजव्या हाताइतका चिवट हात कळमनुरीच्या बाजारात दुसरा नव्हता. पन्नाशीला टेकलो आणि एका सकाळी उठून पाहतो, तर तोच हात खांद्यापासून लुळा. वैद्याने तेल दिले, हकिमाने चाटण दिले, मी दोघांनाही शिव्या दिल्या. चार महिने घरी बसून राहिलो. हात गेला म्हणजे बाजार गेला, आणि बाजाराशिवाय मी कोण, हे मलाच ठाऊक नव्हते.

"शिव्या देऊन हात उठत असता, तर तुमचा आतापर्यंत आभाळाला लागला असता," घरची म्हणाली. "नागनाथाला जा. अन् तिथं तरी घासाघीस करू नका."

गेलो, आणि घासाघीस केली. नागनाथाचा नंदी देवळासमोर नाही, मागे आहे. मी मनात म्हटले, ज्याला स्वतःचा बैल नीट जागी बांधता येत नाही, त्याला बैलवाल्याची तकलीफ काय कळणार? तरी डोके टेकले आणि बोली लावली: उजवा हात बरा कर, शिरडहून तीन सोमवार अनवाणी येईन.

गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून, दोन्ही हातांनी आधार घेत, बसत बसत उतरावे लागते. मी एका हाताने उतरताना निम्म्यातच अडकलो. पाय घसरला, आणि खालच्या अंधारातून कुणीतरी माझा डावा पंजा घट्ट धरला.

पूर्ण पंजा. म्हणजे पाच.

दुसऱ्या कुणी तो आधार मानला असता. मी देवाची बोली मानली. समोर देव असला तरी सवय कुठे जाते? मी त्या हाताची तीन बोटे धरली. त्याने पुन्हा पंजा धरला. मी चार धरली. तिकडून हिसडा बसला. सौदा मोडतोय हे पाहून माझे काळीज उडाले. पोरकेपणाने रडवले नव्हते, दुष्काळाने रडवले नव्हते. त्या भुयारात मात्र मी रडलो आणि तो पंजा धरून बसलो. पाच तर पाच, तू म्हणशील ते. समोरच्याचा भाव जसाच्या तसा मान्य करण्याची माझी ती जन्मातली पहिली वेळ.

खाली समईपाशी पोचून पाहतो, तर हात एका म्हाताऱ्या धनगरणीचा.

"बाबा, तू पडशील म्हणून हात धरला," ती म्हणाली. "तू माझी बोटं काहून मोजून राहिला?"

"चुकलं, मावशी. मला वाटलं..." मी घाईने तिचा हात सोडला.

"पकड चांगली हाय की," बोटे चोळत, माझ्या लोंबत्या उजव्या हाताकडे बघत ती म्हणाली. "मग लुळा हात कोणता म्हणायचा?"

तेव्हा मला उमगले की मघापासून डावा हात बोलत होता, आणि बराबर बोलत होता.

घरी येऊन त्याला शिकवणी लावली. जेवताना मी उपरण्याखाली घरचीची बोटे धरी, तिला कळेल तितक्या भाकरी ती वाढी. पहिले आठ दिवस मी चार मागत होतो आणि एक खाऊन उठत होतो.

"एकच धरलं तुमी," ती म्हणायची. तिला सारे कळत होते, असा मला आजही संशय आहे.

पुढच्या महिन्यात बाजारात डावा हात पुढे केला. लोक हसले, पण बैल विकला गेला. नंतर रझाकारांच्या धामधुमीत बाजारच बंद पडले, तेव्हा त्याच हाताने पेंढ्या बांधून वारंगा फाट्यावर कडबा विकला. बाप, मेंढरे, हात, बाजार, काहीही नेताना नागनाथाने मला विचारले नाही. आणि दर वेळी दुसरे काही पुढ्यात ठेवताना सांगितलेही नाही. मूठ आवळून बसलो असतो तर ते घेता आले नसते, एवढे मला उशिरा कळले. त्या म्हातारीचे आणि त्याचे उपकार मी रोज सकाळी एका हाताने नमस्कार करून आठवतो.

पण उपकार वेगळे आणि सौदा वेगळा. पाच सोमवार मी अनवाणी गेलो, आणि उजवा हात अजून लोंबतोच आहे. म्हणून सहाव्या सोमवारी विचारायला गेलो, सातव्याला गेलो, पुढे मोजायचे सोडले. दर सोमवारी त्या अरुंद तोंडातून उतरतो, पिंडीवर डावा पंजा टेकतो आणि म्हणतो: नागनाथा, मी माझा शब्द पाळला. आता माझ्या उजव्या हाताचा जवाब दे.